सौंसरच्या खडकांचा कल

भिंत कोसळते ती एका क्षणात; परंतु ती कलू लागते त्याच्या कितीतरी आधी. गवंड्याच्या पिशवीतील ओळंबा याच अनुभवातून जन्मास आला. दोरीच्या टोकाला लोंबणारे ते वजन कोणाची भीड धरीत नाही. दोरी आणि भिंत यांच्यातील अंतर वर-खाली सारखे आहे की नाही, एवढेच ते दाखविते. माणसाच्या डोळ्याला मोठा कल दिसतो, बारीक कल दिसत नाही. आणि धोक्याची सुरुवात बहुधा बारीक कलापासूनच होते. दहा मीटर उंचीची भिंत एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतकी झुकली तर तिचा माथा सुमारे तीन मिलिमीटर सरकतो. ती एक विकला, म्हणजे कलेचाही साठावा भाग, झुकली तर माथा मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकाच हलतो. एवढी हालचाल डोळ्यांना कळणे शक्य नाही. आज मात्र धरणे, पूल, कारखाने आणि खाणी यांत काचेच्या तंतूतून धावणाऱ्या प्रकाशाच्या साहाय्याने असे विकलांचे हिशेब ठेवता येतात. ओळंब्यापासून प्रकाशतंतूपर्यंतचा हा प्रवास समजून घ्यावयाचा तर महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या एका मराठीभाषक मुलखाकडे वळणे सोयीचे आहे. कारण तेथे कल मोजणे हा शंभराहून अधिक वर्षे पोटापाण्याचा आणि जीविताचा प्रश्न होता.

नागपूरहून उत्तरेस सावनेर ओलांडून पुढे गेले की सौंसर लागते. त्याच्या पश्चिमेस पांढुर्णा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर या दोन्ही तहसिली मध्यप्रदेशात राहिल्या. घरातली आणि बाजारातली मराठी मात्र जागची हलली नाही. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. बाहेरच्या माणसाला हा मुलूख ठाऊक असतो तो संत्र्यांमुळे, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे. भूशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र सौंसर हे नाव निराळ्याच कारणाने परिचित असते.

पांढुर्ण्याच्या बाजूला जमिनीखाली काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहत आलेल्या लाव्ह्याचे हे थर भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक, जवळजवळ आडवे पसरलेले आहेत. सौंसरकडे या चवडीखालचे फार जुने खडक उघडे पडतात. त्यांचे वय शंभर कोटी वर्षांहून अधिक आहे. वाळू, चिखल, चुना आणि मँगनीज यांचे हे थर मुळात पाण्याच्या तळाशी आडवेच साचले होते. पुढे पृथ्वीच्या पोटातील दाबाने व उष्णतेने ते भाजले गेले, दुमडले गेले, उभे झाले, काही ठिकाणी तर उलटेही झाले. घडी घातलेली गोधडी कोणी बाजूने दाबावी आणि तिच्या वळ्या कोठे वर, कोठे खाली वळाव्यात, तशी या खडकांची स्थिती आहे. त्यामुळे मँगनीजचा थर एके ठिकाणी टेकडीच्या माथ्यावर दिसतो आणि चार पावलांवर जमिनीत नाहीसा होतो. तो कोठे गेला हे सांगण्याचा मार्ग एकच: दिसतो तेथे त्याचा कल मोजावा.

हे काम ज्यांनी नेटाने केले त्यांत लुई ले फर्मर हे नाव अग्रभागी आहे. १८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात ते १९०२ साली रुजू झाले. मध्यप्रांतात त्या सुमारास मँगनीजचा नवा व्यवसाय जोरात सुरू झाला होता. पोलाद तयार करताना मँगनीज लागते, आणि युरोप-अमेरिकेतील पोलादाच्या भट्ट्यांना ते हवे होते. फर्मर यांनी नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या जिल्ह्यांतील खाणी पायाखाली घातल्या. १९०९ साली त्यांचा भारतातील मँगनीजसाठ्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची पृष्ठसंख्या बाराशेहून अधिक आहे. गार्नेट व गारगोटी यांनी बनलेल्या, मँगनीजच्या थरांबरोबर आढळणाऱ्या एका खडकाला त्यांनी या डोंगराळ प्रदेशातील गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले, आणि ते जगभर रूढ झाले. छिंदवाडा जिल्ह्यातील सीतापार या गावावरून त्यांनी एका खनिजाला ‘सीतापाराइट’ म्हटले होते. पुढील अभ्यासात ते आधीच नाव मिळालेले बिक्सबाइट ठरले आणि सीतापारचे नाव मागे पडले. सौंसरचे नाव मात्र टिकले. फर्मर व त्यांचे सहकारी यांच्या सर्वेक्षणातून या जुन्या खडकसमूहाला ‘सौंसर मालिका’ म्हणण्याचा प्रघात पडला. छिंदवाड्यापासून नागपूर-भंडाऱ्यावरून बालाघाटपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर पसरलेला हा पट्टा आज एका तहसिलीच्या गावाच्या नावाने ओळखला जातो. त्यातील उपविभागही लोहांगी, मानसर, चोरबावली, जुनेवाणी, बिछुआ अशा साध्या खेड्यांची नावे मिरवितात.

या सर्व कामाचे मुख्य साधन हातात मावेल एवढे होते. होकायंत्र आणि त्याला जोडलेला कलमापक. थराच्या उघड्या पृष्ठावर कलमापकाची कड टेकवावयाची. आत एक लहानसा काटा आपल्या वजनाने सरळ खाली लोंबत असतो आणि अंशांच्या खुणांवरून कल दाखवितो. म्हणजे हा गवंड्याचा ओळंबाच. केवळ डबीत बसविलेला. होकायंत्रावरून थर कोणत्या दिशेला उतरतो ते कळते, काट्यावरून किती उतरतो ते कळते. अशा शेकडो नोंदी नकाशावर मांडल्या की जमिनीखालच्या घड्यांचे चित्र उभे राहते. विल्यम वेस्ट यांनी १९३६ साली नागपूर जिल्ह्यातील खडकांच्या प्रचंड उलट्या घड्यांचे जे विवरण केले, त्याचाही पाया अशाच नोंदी होत्या.

भूशास्त्रज्ञाच्या वहीतील हा अंश खाणीत उतरला की त्याला निराळा अर्थ येतो. मँगनीजचा थर पंचेचाळीस अंशांनी उतरत असेल तर तीस मीटर खोल जाईपर्यंत तो तीस मीटर बाजूलाही सरकलेला असतो. त्याचा पाठलाग करावयाचा म्हणजे वरचा तीस मीटर रुंदीचा खडक काढून टाकावयाचा, किंवा तो डोक्यावर ठेवून आत शिरावयाचे. पहिल्या मार्गात खर्च आहे, दुसऱ्यात धोका आहे. आरंभीच्या काळात टेकड्यांच्या माथ्यावरचे खनिज पहार, कुदळ आणि टोपली यांच्या साहाय्याने निघत असे. पण जसजसा थर आत शिरू लागला तसतशा मागच्या भिंती उंच होऊ लागल्या. ज्या बाजूला थर खाणीच्या पोकळीकडे उतरतो, त्या बाजूचा खडक तिरप्या फळीवर ठेवलेल्या विटांसारखा असतो. पावसाचे पाणी थरांच्या सांध्यांत शिरले की फळी निसरडी होते. मजूर काम करीत असतात ते फळीच्या खालच्या टोकाशी.

कायद्यालाही हे हळूहळू उमगले. हिंदुस्थानात खाणींसंबंधीचा पहिला कायदा १९०१ साली झाला आणि १९०२ साली खाणींच्या तपासणीचे खाते निघाले. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली नवा खाण कायदा आला, आणि त्याखाली १९६१ साली धातुखनिजांच्या खाणींसाठी नियमावली झाली. तीत उघड्या खाणींच्या भिंतींचा कल आकड्यांत सांगितला गेला. माती, मुरूम, रेती अशा ठिसूळ जमिनीत बाजूंचा उतार पंचेचाळीस अंशांपेक्षा अधिक असू नये; तसा उतार ठेवावयाचा नसेल तर दीड मीटरपेक्षा उंच नसलेल्या पायऱ्या खणाव्यात आणि पायरीची रुंदी तिच्या उंचीहून कमी नसावी. पुढच्याच वर्षी, १९६२ साली, मध्यप्रांतातील जुन्या मँगनीज कंपनीच्या खाणी हाती घेण्यासाठी ‘मँगनीज ओअर इंडिया’ ही संस्था निघाली. १९७७ साली ती पूर्णपणे सरकारी मालकीची झाली आणि पुढे ‘मॉइल’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे मुख्य कार्यालय नागपुरात आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या भारतीय खाण ब्यूरोचेही मुख्यालय नागपुरातच आहे. सौंसरच्या खडकांचा हिशेब अशा रीतीने शेजारच्या शहरात ठेवला जातो.

नियमातील पंचेचाळीस अंश ही भिंतीला आखून दिलेली मर्यादा झाली. पण भिंत आज ज्या कोनात उभी आहे त्याच कोनात उद्याही उभी राहील काय, हा प्रश्न त्याहून कठीण आहे. तेथे अंश मोजून भागत नाही. अंशाच्या अत्यंत लहान भागात पडणारा फरक मोजावा लागतो. एवढी सूक्ष्मता गाठली की यंत्राची स्वतःची चूकही तितकीच मोठी दिसू लागते. या अडचणीचा एक जुना आणि प्रसिद्ध दाखला याच भागाच्या इतिहासात आहे.

विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला, ते उत्तरेकडे सरकत असताना १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. त्या मोजणीत कलियाणा व कल्याणपूर या दोन ठाण्यांमधील अंतर जमिनीवरून मोजले तेव्हा एक आले आणि ताऱ्यांच्या वेधांवरून काढले तेव्हा दुसरे आले. फरक होता अवघा सव्वापाच विकलांचा. कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी १८५५ साली त्याची मीमांसा केली. हिमालयाचे प्रचंड वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे ओढते, म्हणून ओळंबा नेमका सरळ खाली लोंबत नाही, असे त्यांनी दाखविले. त्यांच्या गणिताप्रमाणे तर हा फरक जवळजवळ सोळा विकलांचा यावयास हवा होता. तो इतका कमी का, या प्रश्नातून पर्वतांच्या मुळांविषयीचा नवा विचार निघाला. ज्याच्या भरवशावर सर्व कल मोजावयाचे तो ओळंबाच कललेला असू शकतो, हा त्यातील धडा यंत्रविद्येला कायम उपयोगी पडला.

पाणसळीचेही तसेच आहे. काचेच्या नळीतील द्रवात बुडबुडा ठेवून समतल पाहण्याची युक्ती १६६१ च्या सुमारास फ्रान्समधील तेव्हनो यांनी काढली. परंतु नळीच्या एका टोकाला ऊन लागले की बुडबुडा त्या बाजूला सरकतो. म्हणूनच सर्वेक्षणाच्या यंत्रावर छत्री धरण्याची पद्धत पडली. विसाव्या शतकात विजेवर चालणारे कलमापक आले. खडकात भोक पाडून त्यात नळी बसवावयाची आणि तीतून कलमापक खाली सोडीत ठिकठिकाणचा कल नोंदवावयाचा, ही पद्धत शतकाच्या मध्यापासून रूढ झाली. तीमुळे भिंतीचा केवळ चेहराच नव्हे, तर तिच्या पोटातील हालचालही कळू लागली. एक मीटर लांबीच्या तुकड्याचा कल साडेतीन कलांनी वाढला की त्याचे वरचे टोक सुमारे एक मिलिमीटर सरकले, असे गणित मांडता येते. तुकड्यावर तुकडा बेरजेस घेतला की खडक कोणत्या खोलीवर घसरतो आहे ते समजते.

विजेच्या यंत्रांना मात्र खाणीत आणि कारखान्यात अडचणी होत्या. सौंसरच्या उत्तरेस सातपुड्यात पेंच-कन्हानच्या कोळसाखाणी आहेत. कोळशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायू साठतो. तेथे एक ठिणगी पुरे होते. वीजकेंद्रात व लोखंडाच्या कारखान्यात मोठ्या यंत्रांच्या विद्युत्‌चुंबकीय क्षेत्रामुळे बारीक तारांतील संकेत बिघडतो. लांब तारांवर विजा पडण्याचे भय असते, ओलीने सांधे गंजतात. ठिणगी न पाडणारा, चुंबकाला न जुमानणारा, मैलोगणती दूर जाणारा निरोप्या हवा होता. तो प्रकाशाच्या रूपाने मिळाला.

पंजाबात मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासह काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेण्याचे संशोधन १९५४ साली प्रसिद्ध केले. चार्ल्स काव यांनी १९६६ साली असे दाखविले की काच पुरेशी शुद्ध असेल तर तंतूतून संदेश फार दूर नेता येईल. १९७० साली अमेरिकेत तशी काच तयार झाली. १९७८ साली कॅनडात केनेथ हिल व त्यांचे सहकारी यांना आढळले की तीव्र प्रकाशाने तंतूच्या गाभ्यात ठराविक अंतरावर अदृश्य रेघा उमटविता येतात. अशा रेघांचा पट्टा एकाच विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश परत फेकतो आणि बाकीचा पुढे जाऊ देतो. तंतू ताणला तर रेघांमधील अंतर वाढते आणि परत येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीही वाढते. तंतू सैल झाला तर ती घटते. मापनाची सारी किल्ली या एका गोष्टीत आहे.

आता कलमापक कसा होतो ते पाहावे. एका लहान पेटीत एक लोलक टांगलेला असतो. त्याच्या दोन बाजूंना असे रेघा उमटविलेले दोन तंतू आधीच थोडे ताणून बांधलेले असतात. पेटी कलली की लोलक आपल्या वजनाने सरळ राहू पाहतो. त्यामुळे एका बाजूचा तंतू अधिक ताणला जातो, दुसऱ्या बाजूचा सैल होतो. केसाएवढ्या जाडीच्या त्या तंतूची लांबी दहा लाखांत एक भाग बदलली तरी परत येणाऱ्या प्रकाशात सुमारे सव्वा पिकोमीटरचा फरक पडतो, आणि नोंदयंत्र तो ओळखू शकते. एकाच तंतूवर निरनिराळ्या तरंगलांबींचे अनेक पट्टे असल्याने खाणीच्या साऱ्या उतारावर पेट्या मांडून एका टोकाला बसून त्यांची विचारपूस करता येते. पेटीजवळ विजेची गरज नाही.

हिमालयाने ओळंब्याला फसविले आणि उन्हाने बुडबुड्याला, तसा येथेही फसविणारा आहे. तो म्हणजे तापमान. एक अंश सेल्सिअस उष्णता वाढली की तरंगलांबी सुमारे दहा पिकोमीटरने सरकते. म्हणजे दुपारच्या उन्हालाच यंत्र कल समजू लागेल. त्यावरचा उपाय दोन तंतूंच्या जोडीतच आहे. उष्णतेने दोन्ही तंतूंची तरंगलांबी एकाच बाजूला सरकते. कलाने मात्र एकाची वाढते आणि दुसऱ्याची घटते. दोहोंची वजाबाकी केली की उष्णता निघून जाते आणि कल उरतो. नागपूर-छिंदवाड्याच्या बाजूला उन्हाळ्यातील दुपार आणि हिवाळ्यातील पहाट यांत किती अंतर असते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वजाबाकीचे मोल निराळे सांगावयास नको.

हे सारे सूक्ष्म गणित कोणासाठी, याचे उत्तर अपघातांच्या नोंदवहीत आहे. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातील न्यूटन चिखली या कोळसाखाणीत पाणी घुसून ६३ माणसे गेली. थराचा कल जिकडे असेल तिकडे पाणी धावते, म्हणून खोल बाजूचा माणूस आधी सापडतो. २४ जून २००० रोजी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कवडी या उघड्या खाणीत बाजूची पायरी ढासळून १० माणसे मृत्यू पावली. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडातील राजमहल येथील उघड्या कोळसाखाणीचा उतार घसरून २३ कामगार गाडले गेले. खनिज निराळे, गाव निराळे; परंतु मातीचा आणि खडकाचा स्वभाव एकच. माथ्यावर चिरा पडतात, हालचाल प्रथम मंद असते, मग तिचा वेग वाढतो आणि शेवटी सारा भाग एकदम खाली येतो. या मंद अवस्थेत सूचना मिळाली तर माणसे बाहेर काढण्यास अवधी मिळतो. कठीण व ठिसूळ खडकात हा अवधी फार थोडाही असू शकतो.

कलमापक हे सर्व काही सांगतो असे समजणेही चुकीचे ठरेल. खडकाचा एखादा मोठा तुकडा सपाट सांध्यावरून कोन न बदलता सरळ घसरला तर कलमापकाचा आकडा जागच्या जागी राहील. म्हणून चिरांची रुंदी मोजणारी साधने, खडकातील पाण्याचा दाब पाहणारी साधने आणि दुरून उतार न्याहाळणारे रडार यांची जोड त्याला द्यावी लागते. त्याहूनही आधी, थर कोणत्या बाजूला किती उतरतो हे ज्ञान हाती असावे लागते. नाहीतर पेट्या कोठे बसवावयाच्या हेच कळणार नाही. फर्मर यांच्या काळी साध्या काट्याने टिपलेल्या कलांचे महत्त्व म्हणूनच प्रकाशतंतूच्या काळातही संपलेले नाही. नव्या यंत्राला जुनी वही लागते.

राहता राहिला माणूस. यंत्राने दाखविलेला आकडा वाढतो आहे हे पाहून खाणीतील काम थांबविण्याचा हुकूम यंत्र देत नाही. तो देणारा अधिकारी असतो. त्याच्यापुढे एका बाजूला दिवसाच्या उत्पादनाचा आकडा असतो आणि दुसऱ्या बाजूला काही विकलांचा आकडा. दिसण्यात दुसरा फार लहान असतो. गवंड्याची गोष्ट येथे आठवावी. ओळंब्याने भिंत चुकलेली दाखविली तर जाणता गवंडी दोरीशी वाद घालीत नाही. हातातली थापी ठेवतो, वरचे थर उतरवितो आणि पुन्हा बांधावयास घेतो. त्यात त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. सौंसरच्या टेकड्यांत असो की सातपुड्याच्या कोळसाखाणीत, काचेच्या तंतूतून आलेला निरोप ज्याच्या टेबलावर पोचेल, त्याला हा अर्धा दिवस बुडविण्याची मुभा आणि हिंमत असली, तरच खाली काम करणारा माणूस संध्याकाळी घरी जाईल.